अक्षांश बारा, ऊन शून्य

लिमा हे शहर मी पाहिलं आहे. तुम्ही पाहिलं नसेल तर तुमचं काहीही बिघडलेलं नाही. पेरू देशाची राजधानी, एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला उघडेबोडके डोंगर आणि मधोमध असा काही हॉर्नचा गदारोळ, की त्यापुढे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी माणसाला डुलकी लागावी. लोक तिथे हौसेने जातात. मी बायको वाचवायला गेलो होतो.

वाचवायला म्हणजे, माझ्यासाठी वाचवायला. तिच्या जिवाला काही धोका नव्हता. धोका होता तो तिने बॅग भरून नागपूरला निघून जाण्याचा.

मी तेव्हा लीड्सच्या एका हॉस्पिटलात माणसांना भूल द्यायचं काम करत होतो. पुण्याचा असल्यामुळे समोरच्याला बोलून बोलून झोपवणं माझ्या रक्तातच होतं, औषधं वरकड. बायको नागपूरची, तिथल्या शाळेत भूगोल शिकवत होती. लग्नानंतर भूगोल सोडून माझ्याबरोबर यॉर्कशरात आली आणि चार वर्षं आभाळाकडे बघत बसली. आभाळ म्हणजे काय, भांडी पुसून पुसून काळं झालेलं फडकं. नोव्हेंबरात दुपारी चार वाजता ते आमच्या डोक्यावर पिळायला सुरुवात व्हायची ती थेट एप्रिलात थांबायची, आणि एप्रिलातही फक्त दम खायला.

ज्या मुलीने सत्तेचाळीस डिग्रीत गच्चीवर अनवाणी धावत जाऊन पापड उलटले, तिला तुम्ही रेडिएटरवर मोजे वाळवायला लावता. कसं टिकणार? तिने प्रयत्न केला, नाही म्हणत नाही. एका जुलैत रेडिओवर कुणीतरी 'हीटवेव्ह' असं म्हणालं. ही लगेच उठली, पाच किलो बटाटे अर्धे उकडले, किसले आणि मागच्या अंगणात जुन्या चादरीवर पसरले. उपासाचा बटाट्याचा कीस. नागपुरात सकाळी घातला की संध्याकाळी कुडकुडीत, डबा भरायला तयार. लीड्सला पहिल्या दिवशी तो ओला राहिला. दुसऱ्या दिवशी ओला राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला मिशा फुटल्या. चौथ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून डोकावून, तुम्ही पक्ष्यांसाठी किती करता हो, असं कौतुक केलं. खरंच, यॉर्कशरातली सगळी कबुतरं आमच्याकडे जेवायला होती. त्यातली दोन तर पुढे इतकी सुटली की उडायचं सोडून बसने जायला लागली.

ही हसली नाही. चादर झटकली, घडी केली आणि आत येऊन म्हणाली, "बस झालं."

नेमक्या पुढच्याच उन्हाळ्यात मला कायमच्या नोकरीचं पत्र आलं. कन्सल्टंट. म्हणजे निवृत्तीपर्यंत इथेच. पत्रावर सही करून सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत पाठवायचं होतं.

"तू कर सही," ती म्हणाली. "मी जाते."

"कुठे?"

"जिथे ऊन आहे तिथे. मी काय झाड आहे का, की मुकाट्यानं पिवळं पडत राहू? झाडसुद्धा खिडकीकडे वाकतं बे."

नागपूरची माणसं 'बे' म्हणाली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं. मी तडजोडीला लागलो. दोन दिवस घासाघीस झाली आणि शेवटी तिने एक अट घातली. सही करायच्या आधी तू मला असं ऊन दाखव, की ज्यात एका दिवसात कीस वाळेल. भारत सोडून. दाखवलंस तर मी इथे राहीन आणि पुन्हा उन्हाचं नाव काढणार नाही. नाही दाखवलंस तर तुझी सही तुझ्यापाशी, मी नागपूरला.

आता शहाण्या माणसाने स्पेनचं तिकीट काढलं असतं. पण स्पेनला आमच्या मराठी मंडळातले सगळेच जातात. मंडळाचे अध्यक्ष, सत्तरच्या दशकात आलेले एक डॉक्टर काका, तर स्पेनला भाजी आणायला गेल्यासारखे जायचे आणि परत आल्यावर सहाशे फोटो दाखवायचे. दर फोटोत काकू, मागे काहीतरी पडकं. मला त्यांच्या वरचं काहीतरी हवं होतं. मी ॲटलास उघडला. लिमा, बारा अंश दक्षिण. चेन्नई, तेरा अंश उत्तर. म्हणजे लिमा विषुववृत्ताला चेन्नईपेक्षा एक अंशाने जवळ. याच्यापुढे काय शास्त्र असतं? चेन्नईत माणूस सावलीत उभा राहून वितळतो, तर लिमात कीस पसरायच्या आधीच वाळायला हवा. मी तिकिटं काढली आणि तिला न विचारता मंडळाच्या सहलीत सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"ऑगस्टमध्ये?" बायकोने एवढंच विचारलं.

"ऑगस्टमध्येच."

"बरं," ती म्हणाली, आणि समोसा खाऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर एक भाव आला होता. तो परीक्षेत पोराने चुकीचा नकाशा रंगवायला घेतला की मास्तरणीच्या चेहऱ्यावर येतो, हे मला पुढे कळलं.

काका म्हणाले, "अरे, तिकडे आत्ता हिवाळा असेल की."

"काका, चेन्नईला कधी हिवाळा ऐकलाय का?" मी म्हणालो. सगळे हसले. काका गप्प बसले. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा मोठा विजय.

ॲमस्टरडॅमला विमान बदलून, एकूण वीसेक तास गुडघे हनुवटीला लावून आम्ही लिमात उतरलो. मी अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी अशा अवतारात दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. वर लीड्स होतं. तेच फडकं. तोच रंग, तीच उंची, तोच ओशट ओलावा. मला वाटलं, आभाळ आमच्याच विमानाने आलंय, सामानाच्या डब्यात घालून.

"उद्या उघडेल," मी म्हणालो.

"हो ना," बायको म्हणाली. तिने हातातल्या पिशवीतून स्वेटर काढून घातला. तिच्याकडे स्वेटर होता! उन्हाच्या गावाला जाताना हिने स्वेटर का घेतला असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या हुशार माणसाला तेव्हा पडायला हवा होता.

उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही एका विधवा आजींच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. त्या रोज सकाळी पाव आणि कॉफी ठेवताना आभाळाकडे बोट करून खांदे उडवायच्या. या गावात पाऊस कधी पडतच नाही म्हणे. म्हणे! दिवसभर अंगावर काहीतरी झिरपत असतं, चष्म्यावर बसतं, मिशीतून ठिबकतं, पण तो पाऊस नव्हे. मी एका दुकानात छत्री मागितली तर दुकानदाराने शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला दाखवला.

मग प्रेक्षणीय स्थळं. माणसाने ऊन शोधायला जावं आणि त्याच्या पदरात प्रेक्षणीय स्थळं पडावीत, यासारखी फसवणूक नाही. एका जुन्या मठाच्या तळघरात नेलं. तिथे मेलेल्या लोकांची हाडं. ठीक आहे, मेल्यावर हाडं उरणारच. पण यांनी ती निवडून, मांडीची मांडीशी, कवटी कवटीशी, गोल गोल रांगोळीसारखी रचली होती. आमच्या गाइड बाई इतक्या अभिमानाने दाखवत होत्या, जणू रुखवतच मांडलंय. मी रोज हाडामांसाची माणसं बघतो. मला त्यात नवल काय? मी बाहेर येऊन आभाळ बघत बसलो, आणि तेही बघण्यासारखं नव्हतं.

मग मातीच्या विटांचा दीड हजार वर्षांपूर्वीचा एक ढीग. ढीगच. गावाच्या मधोमध, आजूबाजूला बंगले. विटा पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात, म्हणून भूकंपात पडत नाहीत, असं गाइडने सांगितलं. तिचं सांगून होईपर्यंत मी त्याच्याहून मोठा ढीग पुण्यात कुठे कुठे रस्त्यावर पडलाय ते मनात मोजलं. आठ निघाले. मग राजवाड्यासमोर बॅंडच्या तालावर पहारा बदलणारे सैनिक. एकेक पाय असा उचलत होते, की खाली शेण पडलं असावं. मग जेवायला कच्चा मासा, लिंबाच्या रसात. शिजवायचा कंटाळा आला की त्याला पाककृती म्हणायचं! मी दोन प्लेटी खाल्ल्या, ते केवळ निषेध म्हणून.

आणि समुद्र! ज्या पॅसिफिकची शाळेपासून एवढी कौतुकं ऐकली, तो एका उंच कड्याखाली दिसला. वर कड्यावर बाग, बागेत चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा हा एवढा पुतळा, आणि त्याच्या पायाशी खरीखुरी जोडपी पुतळ्याचा गृहपाठ करत होती. खाली धुकं. धुक्यात कुठेतरी गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता, तो समुद्र. आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो तर वाळूसुद्धा नाही. गोटे. लाट परत फिरली की हजारो गोटे दात खाल्ल्यासारखे वाजायचे. मी पाणी पायाला लावलं. बर्फ! बारा अंश दक्षिण, आणि माझ्या पायाची बोटं कुठे आहेत ते मला चाचपून बघावं लागलं.

"चेन्नईला असंच असतं का रे?" बायकोने विचारलं.

मी बोटं चोळत राहिलो.

"दक्षिण ध्रुवाकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो या किनाऱ्यानं," ती गोट्यावर बसून, पाय स्वेटरखाली घेऊन सांगू लागली. "वरची हवा त्यावर थंड होते, ढग खाली बसतो आणि बसूनच राहतो. जून ते ऑक्टोबर. सहावीच्या पुस्तकात आहे. मी आठ वर्षं शिकवलं."

"तुला माहीत होतं?"

"तू विचारून राहिला होतास का मला? तू तर जाहीर करून राहिला होतास."

मी आजवर बऱ्याच जणांना भूल दिली, पण पूर्ण जागा असताना माझं अंग बधिर झालं ते तेव्हाच. हिने मला मुद्दाम बुडू दिलं होतं. अट तिची असली तरी गाव मी निवडलं होतं, तिकीट माझं होतं, आणि हरणारही मीच होतो. ती फक्त पेपर तपासत बसली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला आनंद झालेला दिसत नव्हता. ती गोट्यांकडे बघत होती. जायचं ठरलेलं माणूस असं बघतं.

शेवटचा एक दिवस उरला. मी हरायला तयार नव्हतो. बंदरावर एक नाववाला भेटला होता. तो बेटांवर समुद्रसिंह दाखवायला न्यायचा आणि बेटांपलीकडे लख्ख ऊन असतं, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. छातीवर हात ठेवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे मला कळायला हवं होतं, कारण मी स्वतः तेच करतो.

"चल," मी बायकोला म्हणालो. "बटाटे घे बरोबर. नावेवर वाळवू."

"ढग समुद्रावरून येऊन राहिलेत, आणि तू समुद्रात जातोस ऊन शोधायला?" ती म्हणाली. "तू जा. मी आजींबरोबर जाते. त्यांच्या बहिणीकडे."

ती कुठली बहीण, कुठे राहते, मी विचारलं नाही. न विचारण्यात माझा हातखंडा.

त्या नावेतल्या चार तासांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण जेवून वाचत असाल तर पंचाईत. बेटं दिसायच्या आधी वास आला. हजारो वर्षं लाखो पक्ष्यांनी त्या खडकांवर एकच काम केलं आहे, आणि ते अजून संपलेलं नाही. वासाने माझ्या मनगटावरचं घड्याळ थांबलं. मग समुद्रसिंह. एकेक रणगाड्याएवढा, आणि सगळे एकाच वेळी मंडळाच्या वार्षिक सभेसारखे ओरडत होते. एक तर हुबेहूब काकांसारखा, पोट पुढे करून अध्यक्षस्थानी. बाकीचे प्रवासी रबरी कपडे घालून त्यांच्यात पोहायला उतरले. मी नावेच्या काठावर वाकून, कच्च्या माशाच्या दोन्ही प्लेटी पॅसिफिकला परत केल्या. बेटांपलीकडे धुकं होतं. धुक्यापलीकडे आणखी धुकं. "ऊन?" मी नाववाल्याला खुणेने विचारलं. त्याने छातीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी भिजलेल्या मांजरासारखा घरी आलो. बायको स्वयंपाकघरात आजींबरोबर बसली होती. तिचं नाक लालभडक झालं होतं. गालांवर, कपाळावर, थेट भांगापर्यंत लाली. चार वर्षांत मी तिला त्या रंगात पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे टेबलावर एक कागदी पिशवी होती.

"हात घाल," ती म्हणाली.

घातला. कुडकुडीत. कीस!

"कुठून आणलास?"

"वाळवला."

आजींची बहीण गावापासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी राहायची. नदीकाठाने बस वर चढत जाते, आणि एका वळणावर ढग संपतो. दार उघडल्यासारखा संपतो, म्हणाली. वर निळं आभाळ आणि असं ऊन, की आजींनी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला. बहिणीच्या गच्चीत गेली तर चादर पसरलेली आणि चादरीवर उकडलेल्या बटाट्याचे तुकडे वाळत घातलेले. त्या लोकांत तसं करून ठेवतात, वर्षभर आमटीसारख्या कालवणात घालायला. हिला त्यांची भाषा यायची नाही, त्यांना हिची. पण हिने किसणी मागितली म्हणजे हाताने हवेत किसून दाखवलं, आणि दहा मिनिटांत तिन्ही बायका बटाटे सोलत होत्या. बहिणीला तुकड्यांऐवजी कीस ही कल्पना पसंत पडली नाही. फार बारीक, फुकटची मेहनत, असं ती हाताने सांगत राहिली. चार वाजता खाऊन बघितल्यावर गप्प बसली.

मी जिंकलो होतो! मी उडीच मारली. एका दिवसात, भारताबाहेर, कीस वाळला. "झालं ना मग? अट पुरी झाली!"

"तू दाखवलंस?" बायको म्हणाली. "तू कुठे होतास?"

माझ्या अंगाला अजून बेटांचा वास येत होता. आजींनी हळूच खिडकी उघडली.

परतीच्या विमानात ती झोपली आणि मी तिच्या सोललेल्या नाकाकडे बघत बसलो. लीड्सला पोचलो, दारातल्या चटईवर टपालाचा ढीग, बाहेर अर्थातच रिपरिप. शुक्रवारी सकाळी मी पत्र टेबलावर काढून ठेवलं. माझ्याकडे बघून नव्हे, चहात बघून तिने विचारलं, "तुला काय वाटतं, लिमातले लोक गाव सोडून का जात नाहीत?"

"अक्कल नाही म्हणून."

"दर रविवारी बसमध्ये बसतात. वर जातात, ऊन खातात, जेवतात, खाली येतात. आजी साठ वर्षं करून राहिल्यात, हातवाऱ्यांनी सांगितलं मला. नवरा होता तेव्हा तो जायचा नाही, त्याला घरी रेडिओ ऐकायचा असे. त्या एकट्या जायच्या." तिने चहाचा घोट घेतला. "माझी बस जरा लांबची आहे, एवढंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूर. दर वर्षी. तुला सुट्टी मिळो न मिळो. बाकीचे आठ महिने इथे. जमत असेल तर कर सही."

"आणि नसेल जमत तर?"

"तर तिकडून येणारच नाही."

मी सही केली. पेन चालेना, दोनदा झटकावं लागलं. मनात म्हटलं, चार महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील. असं वाटणाऱ्या माणसाने चार महिने स्वतःच्या हातची खिचडी खाऊन बघावी.

नोव्हेंबरात मी तिला मँचेस्टरच्या विमानतळावर सोडून आलो. पुढच्याच रविवारी मंडळात काकांनी विचारलं, "एकटाच? सूनबाई कुठे?"

मी आयुष्यभर मंडळात थापा मारल्या. समुद्रसिंहाशी कुस्ती खेळलो असं सांगितलं होतं, आणि लोकांनी कुणी पाडलं एवढंच विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी खरं बोललो. "ऊन खायला गेलीय. फेब्रुवारीत येईल."

कुणी हसलं नाही. काकूंनी माझ्या ताटात एक गुलाबजाम जास्त वाढला. पुढच्या आठवड्यापासून माझ्या दारात डबे येऊ लागले, न मागता, झाकणावर चिकटपट्टीने नाव लावून. एकदा काकांनी मला गाडीपाशी गाठून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "होतं असं. चांगला वकील आहे माझ्या ओळखीचा." मी त्यांना बटाट्याच्या किसापासून सगळं सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "बोल, बोल. मोकळा हो."

डबे मी ठेवून घेतले. मूर्ख नाही मी. पण जानेवारीच्या मध्याला, दुपारी साडेतीनला दिवे लावताना, मलाही त्यांचं थोडं थोडं पटू लागलं. फोनवर ती मजेत असायची. शाळेत बदली शिक्षिका म्हणून शिकवते म्हणायची. मागून पोरांचा गलका ऐकू यायचा. एवढी मजेत असलेली बाई फडक्याखाली परत का येईल? मी तिच्या जागी असतो तर आलो नसतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिचं परतीचं विमान दुपारी दोनला होतं. मी अकराला जाऊन उभा राहिलो. दरवाजा उघडायचा, कुणाची तरी बायको बाहेर यायची, बंद व्हायचा. पावणेतीनपर्यंत असं दीडशे वेळा झालं. मग एक काळीभोर बाई ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर तीन बॅगा, पैकी दोन बॅगांच्या कडांतून मसाल्याचा वास येत होता. मला बघून म्हणाली, "जाड झालास. कोण जेवू घालून राहिलंय तुला?"

ती दर वर्षी जाते. दर वर्षी येते. आणि दर वर्षी मी तीन तास आधी जाऊन त्या दाराशी उभा असतो. मंडळात कुणी विचारलं तर सांगतो, तिथे पार्किंग मिळत नाही.